दुखणारच, म्हणून?

सातवा महिना लागलेली सून सांगते, ‘जांघेत धरतंय, रात्री कूस बदलवत नाही.’ यावर तिला मिळणारं उत्तर हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरात, औंढ्यात, वसमतेत आणि पुण्या-मुंबईतही एकच असतं. ‘दुखणारच की माय, दिवसच तसे हायेत.’ सासू म्हणते, आई म्हणते, शेजारीण म्हणते. पुष्कळदा तपासणारे डॉक्टरही कागदावरून मान वर न करता तेच म्हणतात. तिथे बोलणं संपतं. बाई भिंतीला हात लावून उभी राहते आणि राहिलेल्या कामाला लागते.

या उत्तरामागे एक अख्खा युक्तिवाद उभा आहे. खोडण्याआधी तो नीट मांडायला हवा. गरोदरपण म्हणजे आजार नव्हे. पोटात वजन वाढणार, सांधे सैल होणार, मग दुखणार, त्यात नवल काय? आपल्या आया-आज्या नऊ महिने शेतात राबल्या, कुणी बांधावरच बाळंत झाली, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही. आताच्या पोरींना सोसवत नाही. काम करत राहिलं तर बाळंतपण सोपं जातं. शिवाय डॉक्टर तरी यात काय करणार? बाळंत झाली की आपोआप जाईल.

ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं, कारण पिढ्यान् पिढ्या ते वडीलधाऱ्यांच्या तोंडून आलं आहे. तपासून पाहिलं तर यातलं काही अर्धवट खरं आहे, काही साफ चुकीचं आहे, आणि सगळं मिळून एका बाईचे तीन-चार महिने नासवतं. कधी कधी त्याहून बरंच जास्त.

पहिला दावा घ्या: दुखणारच. ओटीपोटाची हाडं म्हणजे एक कडं आहे आणि त्यात तीन सांधे आहेत. मागे, कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर जे त्रिकोणी हाड असतं त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि पुढे, ओटीपोटाच्या अगदी खालच्या टोकाला, दोन हाडांना कूर्चेने जोडणारा तिसरा. धडाचा सगळा भार याच कड्यातून पायांकडे उतरतो. एरवी पुढच्या सांध्यातली फट चार-पाच मिलिमीटरची असते. गरोदरपणात ती आणखी दोन-तीन मिलिमीटरने वाढते. हे बहुतेक सगळ्याच गरोदर बायकांत घडतं. पण दुखतं ते सगळ्यांना नाही. या दुखण्याबद्दल युरोपातल्या तज्ज्ञांनी २००८ मध्ये एकत्र येऊन मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांच्या हिशेबाने सुमारे २० टक्के गरोदर स्त्रियांना ते होतं. कंबर भरून येणं, पाय जड होणं हे निराळं, ते कितीतरी जणींना होतं. या तीन सांध्यांचं दुखणं पाचातल्या एकीला होतं. म्हणजे पाचातल्या चौघींना होत नाही. मग ‘दुखणारच’ हे कोणत्या हिशेबाने?

‘अंग सैल पडतं म्हणून’ हे कारणही वाटतं तितकं सरळ नाही. रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक १९२६ पासून माहीत आहे आणि ते सांध्यांचे बंध सैल करतं, म्हणून सगळं त्याच्या माथी मारण्याची सवय पडली. रक्तातलं रिलॅक्सिन जास्त तर दुखणं जास्त, असा थेट संबंध अभ्यासांतून ठामपणे दिसलेला नाही. आधी कंबरदुखी असणं, ओटीपोटाच्या हाडांना पूर्वी मार लागलेला असणं, आधीच्या बाळंतपणात हेच दुखणं झालेलं असणं, या गोष्टी जास्त बोलक्या आहेत. या सगळ्या विचारल्याने कळणाऱ्या गोष्टी आहेत. ‘दुखणारच’ म्हणून मोकळं होणारा माणूस त्यातली एकही विचारत नाही.

ओळखायलाही हे दुखणं अवघड नाही. एका पायावर भार आला की ते उठतं. उभ्याने सलवार घालताना, पायरी चढताना, एसटीच्या उंच पायरीवर पाय टाकताना, मोटारसायकलवर मागे बसताना, अंथरुणात कूस बदलताना, जमिनीवरून उठताना. पुढच्या सांध्यात चमक निघते, मांडीच्या आतल्या बाजूने उतरते. मागच्या सांध्यात असेल तर कुल्ल्यापर्यंत जाते. कधी आत टक्क वाजतं. तपासणीची एक साधी रीत आहे. बाईला उताणं झोपवून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलायला सांगायचं. तो उचलवत नसेल, आणि दोन्ही खुब्यांवर बाजूंनी हाताने दाब दिल्यावर मात्र सहज उचलला गेला, तर दुखण्याचं मूळ बरंचसं सापडलं. याला क्ष-किरण लागत नाही, सोनोग्राफी लागत नाही. दोन मिनिटं आणि ऐकून घेण्याची इच्छा लागते.

‘दुखणारच’ या उत्तराचा सगळ्यात मोठा गुन्हा मात्र वेगळाच आहे. ते तपासणीचं दार बंद करतं. ओटीपोटातलं प्रत्येक दुखणं सांध्याचं नसतं. लघवीला जळजळ आणि ताप असेल तर तो मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो आणि गरोदरपणात तो अंगावर काढणं धोक्याचं. ३७ आठवड्यांच्या आत थांबून थांबून, ठरावीक अंतराने कळा येत असतील, पाणी जात असेल, रक्त दिसत असेल, बाळाची हालचाल कमी झाली असेल, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, एकाच पायाची पोटरी सुजून लाल झाली असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल किंवा जांघेचा भाग बधिर वाटत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. ज्या घरात सातव्या महिन्यापासून रोज ‘दुखणारच’ ऐकवलं जातं, त्या घरातली बाई आठव्या महिन्यात खऱ्या कळा आल्यावर कुणाला सांगेल? तिला गप्प बसायला शिकवून झालेलं असतं.

आता आया-आज्यांचा दाखला. हा सगळ्यात भावनिक आणि म्हणून सगळ्यात फसवा. बांधावर बाळंत होऊन उठलेल्या आजीची गोष्ट घराघरात सांगतात, कारण ती आजी जगली. न जगलेलीची गोष्ट कोण सांगणार? १९९० च्या सुमारासही देशात दर लाख जिवंत जन्मांमागे पाचशेहून अधिक माता दगावत होत्या, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज आहे. महाराष्ट्रात तो आकडा २०१८–२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार ३३ वर आला होता. आज्या सोसू शकत होत्या म्हणून तो उतरला नाही. सोसणं पुरेसं नाही हे कुणीतरी मान्य केलं, दवाखाने झाले, गाड्या आल्या, रक्त मिळू लागलं, म्हणून उतरला.

आणि त्यांनी तक्रार केली नाही, हे तरी खरं का? की त्यांना कुणी विचारलं नाही? गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, दरडोई सरासरी साडेतीनहून जास्त. त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या आठ टक्के. तो अभ्यास सांध्यांच्या दुखण्याचा नव्हता, पण ‘बायकांनी कधी तक्रार केली नाही’ या वाक्याला त्याइतकं स्पष्ट उत्तर महाराष्ट्रात दुसरं नाही. त्या सगळ्या बायका दुखणं घेऊन रांधत होत्या, निंदत होत्या, पाणी भरत होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला त्या ठणठणीत दिसत होत्या.

त्याच्याही शंभर वर्षं आधी आनंदीबाई जोशी यांनी हे ओळखलं होतं. चौदाव्या वर्षी बाळंतपण आणि काही दिवसांत मूल गेल्याचं दुःख सोसलेल्या या मुलीने १८८३ मध्ये श्रीरामपूर इथे, म्हणजे बंगालातल्या सेरामपूरला, जाहीर भाषणात अमेरिकेला जाण्याचं कारण सांगितलं. हिंदुस्थानातल्या बायकांना स्त्री डॉक्टरांची गरज आहे, पुरुषांपुढे त्या आपलं दुखणं उघड करत नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, त्यांचा प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच होता. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. बाई बोलत नाही याचा अर्थ तिला दुखत नाही असा लावणाऱ्यांना एवढा काळ लोटल्यावरही तोच धडा नव्याने द्यावा लागतो, ही संतापाची गोष्ट आहे.

‘आताच्या पोरी नाजूक’ या वाक्यावर फार वेळ घालवण्याचं कारण नाही. ज्या घरातून ते निघतं, त्या घरातली ती नाजूक पोरगी पहाटे उठून पाणी भरत असते.

खरा वाद आहे तो कामाचा. ‘काम केलं की सुटका लवकर होते’ हे इतक्या खात्रीने सांगितलं जातं की त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत हे कुणाच्या लक्षात येत नाही. हालचाल वेगळी आणि भार वेगळा. चालणं, हलका व्यायाम, अंग मोकळं ठेवणं हे गरोदरपणात चांगलंच. खाटेवर पडून राहा असा सल्ला या दुखण्यात आता कुणी जाणकार देत नाही, त्याने स्नायू आणखी ढिले पडतात. पण डोक्यावर भरलेला हंडा, एका कडेवर मोठं लेकरू, तास तास उकिडवं बसून खुरपणी, वाकून टोपलं उचलणं, चिखलात पाय फाकून तोल सांभाळणं, हा व्यायाम नव्हे. ज्या सांध्याला दोन्ही बाजूंनी सारखा भार हवा, त्याच्यावर एकाच बाजूने ओझं टाकणं आहे.

सिद्धेश्वरच्या परिसरात हा फरक समजून घेणं का गरजेचं आहे, ते तिथल्या शेतीत दिसतं. औंढा नागनाथ तालुक्यातलं हे धरण पूर्णेवर आहे. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर, अशी पूर्णा प्रकल्पाची ही जोडी १९६८ पासून उभी आहे. सिद्धेश्वरचा मातीचा बांध सहा किलोमीटरांहून लांब. त्याच्या कालव्यांनी हिंगोली, परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतली जमीन भिजते. या पट्ट्यात ऊस आला, भुईमूग आला, हळद आली. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या बाजारात राज्याबाहेरून व्यापारी येतात. हे सगळं अभिमानाचं आहे. पण कालव्याचं पाणी शिवारात बारमाही आलं की बाईचं कामही बारमाही होतं, ही बाजू त्या अभिमानात येत नाही.

हळदीचंच पाहा. लागवडीला वाकायचं, निंदणीला उकिडवं बसायचं, पाला कापायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. कंद बाहेर निघाले की माती झाडून वेचायचे, गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची, टोपली उचलून शिजवायच्या जागी न्यायची, शिजलेली हळद उन्हात पसरायची, दिवस दिवस ती खालीवर करायची. यातलं वेचणं, निवडणं, पसरणं बहुतेक बायकांकडे. कापूस वेचताना ओटीत साठत जाणारं वजन पुढच्या बाजूने ओढतं, सोयाबीन सोंगताना कमरेतून सतत वाकावं लागतं. या दुखण्याने हैराण बाईला कोणती बैठक टाळायला सांगायची, याची यादी कुणी करायला बसलं तर ती हळदीच्या शेतातल्या कामांची यादी होईल. आणि तिलाच सांगायचं, काम कर म्हणजे सोपं जाईल?

शेतकऱ्याला हे कळत नाही असं कुणी म्हणू नये. गाभण म्हैस पाय टाकताना लंगडली तर तो त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरला फोन करतो, तिला उतारावरून नेत नाही, गोठ्यातली जमीन कोरडी ठेवतो. त्याची समज पुरेशी आहे. ती घराच्या आत आणायची राहिली आहे, एवढंच.

आता डॉक्टरांचा भाग. ‘डॉक्टर तरी काय करणार’ असं लोक म्हणतात, त्यात काही दोष दवाखान्यांचाही आहे. ओटीपोट दुखतं म्हणून गेलेल्या बाईला बहुतेक वेळा कॅल्शियमची गोळी मिळते. कॅल्शियम गरोदरपणात हवंच, सरकारी केंद्रात ते लोहाच्या गोळ्यांबरोबर फुकट मिळतं आणि घ्यायलाच हवं. पण डगमगणारा सांधा त्याने सावरत नाही. दुसरं उत्तर याहून वाईट. गल्लीतल्या दवाखान्यात दुखणं थांबवणारी सुई. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर टाळा, बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला. गरज पडली तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. मेडिकलच्या काउंटरवर ‘अंगदुखीची द्या’ म्हणून मिळालेली गोळी कोणती आहे, हे किती घरांत कुणी वाचतं?

आणि खरोखर काही करता येत नाही का? येतं, आणि त्यातलं पुष्कळ फुकट आहे. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग इथे ३८६ गरोदर स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. माहिती, पट्टा आणि घरचा व्यायाम एवढंच मिळालेल्या स्त्रियांपेक्षा, त्याच्या जोडीला सांधे स्थिर करणारे खास व्यायाम किंवा ॲक्युपंक्चर मिळालेल्या स्त्रियांचं दुखणं जास्त कमी झालं. नॉर्वेत बाळंतपणानंतरही दुखत राहिलेल्या ८१ स्त्रियांवर असाच अभ्यास झाला, २००४ मध्ये. ठरवून दिलेले व्यायाम केलेल्या गटाला आराम पडला आणि तो पुढे दोन वर्षांनीही टिकून होता. फिजिओथेरपिस्ट नावाचा माणूस नेमका यासाठी असतो. तो ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, पोटाचे खोलवरचे स्नायू आणि कुल्ल्याचे स्नायू हळूहळू कसे आवळायचे ते शिकवतो, खुब्यांभोवती बांधायचा पट्टा किती खाली आणि किती वेळ बांधायचा ते दाखवतो. पट्ट्याने दुखणं वाढत असेल तर तो काढायचा, हेही तोच सांगतो.

फिजिओथेरपिस्ट गाठणं जमेपर्यंत घरात करण्यासारखं खूप आहे. झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये घडी केलेली गोधडी. कूस बदलताना गुडघे एकमेकांना चिकटवून, सगळं अंग एकदम वळवायचं, आधी खांदे आणि मग पाय असं नाही. उठताना कुशीवर होऊन हाताचा जोर द्यायचा. कपडे खाटेवर बसून घालायचे. चालताना पावलं लहान. पायरी एकेक करून; चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. मोटारसायकलवर चढण्या-उतरण्यासाठी ओट्याचा किंवा स्टुलाचा आधार. उकिडवं बसून भाकरी थापण्याऐवजी चूल नाहीतर शेगडी उंचीवर घ्यायची. संडासाला प्लास्टिकची कमोड खुर्ची मिळते, ती ठेवायची. हंडा, पोतं, लेकरू उचलणं पूर्ण बंद. निवडायला बसायचंच असेल तर टेकून, उंच पाटावर, आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठून. मालिश हलक्या हाताने चालेल, पण पाय ओढून ‘नस बसवणं’ आणि पोट चोळणं कुणालाही करू देऊ नये.

या यादीकडे पाहिलं की ‘दुखणारच’ एवढं का टिकून आहे ते उमगतं. यातल्या निम्म्या गोष्टी बाई एकटी करू शकत नाही. हंडा तिने उचलायचा नाही, तर कुणीतरी उचलायचा. खुरपणीला ती जाणार नाही, तर मजूर लावायचा किंवा दुसऱ्या कुणी जायचं. मोठ्या लेकराला कुणीतरी कडेवर घ्यायचं. दुखणं खरं मानलं तर घरातल्या कामाची वाटणी बदलावी लागते, आणि ती बदलायची तयारी नसते. म्हणून दुखण्यालाच नैसर्गिक ठरवलं जातं. वरवर वैद्यकशास्त्रासारखं दिसणारं हे मत मुळात कामचुकारपणा आहे, आणि तो बाईचा नाही.

‘बाळंत झाली की जाईल’ हे शेवटचं समाधान. बहुतेकींचं जातं, हे मान्य. पण सगळ्यांचं नाही. काही स्त्रियांना वर्षानुवर्षं ते छळतं, पुढच्या गरोदरपणात लवकर आणि जोराने उलटतं. शिवाय मध्ये बाळंतपण आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. तिथल्या टेबलावर पाय जबरदस्तीने फाकवले तर या बाईच्या पुढच्या सांध्याला इजा होऊ शकते. तिथली फट १० मिलिमीटरच्या पुढे गेली की ती इजाच समजतात. हे टाळता येतं. दुखल्याशिवाय गुडघे किती अंतरापर्यंत दूर होतात ते आधीच मोजून कार्डावर लिहून ठेवायचं, सिस्टरना दाखवायचं, शक्य तिथे डाव्या कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर टेकून बाळंतपण करायचं. सिझेरियन हा या दुखण्यावरचा इलाज नव्हे, हेही घरच्यांना सांगायला हवं. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने सरकारी प्रसूतिगृहात बाईसोबत तिच्या विश्वासातली एक जण असावी हे धरलेलं आहे. त्या सोबतिणीनेच हे सांगायचं, कारण कळा सुरू झाल्यावर बाईला बोलायचं भान नसतं. पण ज्या दुखण्याला नऊ महिने नावच दिलेलं नाही, ते त्या क्षणी कोण आणि कसं सांगणार?

दुखणं मुळात मान्यच न करण्याचा शेवट कुठवर जातो, हे मराठवाड्याने पाहिलं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९ मध्ये चव्हाट्यावर आल्या. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींनी गर्भाशय काढून टाकलेलं आढळलं. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, एक दिवस चुकला तर खाड्याचा दंड, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीवर चढणं, आणि पोटात दुखलं तर थांबायला जागा नाही. हिंगोलीतूनही दरवर्षी माणसं तोडीला जातात, त्यांत पोटुशी बायका असतात. गर्भाशय काढणं आणि गरोदरपणातलं सांध्यांचं दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण ओटीपोट दुखणाऱ्या बाईला समाजाने जी दोन उत्तरं दिली ती शेजारी ठेवून पाहायला हवीत. आधी ‘दुखणारच’ आणि मग ‘पिशवीच काढून टाक’. मधला सगळा इलाज, तपासणं, विश्रांती, भार कमी करणं, तिला दाखवलाच गेला नाही.

‘एवढी विश्रांती कुणाला परवडते’ असं म्हणणाऱ्यांनी मुंबई विधिमंडळाचं जुनं कामकाज काढून पाहावं. २८ जुलै १९२८ रोजी प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं असल्याचं सांगितलं, आणि त्याचा खर्च सरकारने बराचसा उचलावा, बाईच्या श्रमावर कमावणाऱ्या मालकानेही उचलावा, अशी बाजू मांडली. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने देशातला असा पहिला कायदा केला. १९६१ च्या केंद्रीय कायद्यात तर गरोदर बाईने मागणी केली तर शेवटच्या आठवड्यांच्या ठरावीक काळात तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देऊ नये, असं स्वच्छ लिहिलं गेलं. म्हणजे जड काम आणि उभं राहणं गरोदर बाईला त्रासाचं आहे, हे या देशाने साठ वर्षांपूर्वी कायद्याच्या भाषेत मान्य केलं. ते गिरणीतल्या आणि कचेरीतल्या बाईसाठी. हळद वेचणारी रोजंदारीवरची बाई त्या कायद्याच्या बाहेर राहिली. तिच्या वाट्याला पहिल्या खेपेला मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये येतात. त्यातून किती आठवड्यांची मजुरी भरून निघते, हे मजुरी देणाऱ्यांना नेमकं माहीत आहे.

हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे आणि तालुक्यांच्या रुग्णालयांत गरोदर बायकांसाठी फिजिओथेरपिस्ट ठरल्या दिवशी बसलाच पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायका तपासायला येतात. वजन होतं, रक्तदाब होतो, हिमोग्लोबिन आणि लघवी तपासली जाते. त्याच रांगेत आणखी तीन प्रश्न विचारायचे: कूस बदलताना दुखतं का, एका पायावर उभं राहताना दुखतं का, जमिनीवरून उठताना दुखतं का. हो म्हणाली तर पाय उचलून पाहायचा आणि पुढे पाठवायचं. आशाताईंना हे एका बैठकीत शिकवता येईल. आणि कार्ड घेऊन सोबत आलेल्या नवऱ्याला, सासूला तिथेच, सगळ्यांसमोर सांगायचं की आजपासून बाळंतपणापर्यंत आणि नंतरचे तीन महिने हिने हंडा उचलायचा नाही, टोपलं उचलायचं नाही, खुरपणीला बसायचं नाही. तुम्ही उचलायचं, तुम्ही बसायचं. एवढं विचारायला आणि सांगायला मंजुरी नको, निधी नको, यंत्र नको. येत्या ९ तारखेला सुरू करता येईल.